खोलीत नसलेल्या माणसाची गोष्ट

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आम्ही ख्रिस्ती लोक उपवासकाळ पाळतो. प्रभूने अरण्यात चाळीस दिवस उपाशी काढले, म्हणून आपणही एकवेळ जेवावं आणि शिवाय एखादी जिवाभावाची गोष्ट सोडावी, अशी पद्धत आहे. प्रभूला मोहात पाडायला अरण्यात साक्षात सैतान गेला होता. आम्हा नेरळकरांसाठी त्याला एवढी पायपीट करावी लागत नाही. स्टेशनबाहेर भज्यांची कढई चढली की त्याचं काम भागतं.

सोडायची गोष्ट निवडण्यात आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चच्या लोकांचा, हात कुणी धरणार नाही. एका भावांनी सलग तीन वर्षं मटण सोडलं. डॉक्टरांनी त्यांना ते त्याआधीच सोडायला लावलं होतं. एका ताईंनी टीव्हीवरच्या मालिका सोडल्या आणि रोज दुपारी शेजारणीला फोन करून कालच्या भागात काय झालं ते विचारून घेतलं. मी चहा सोडायचे. चौथ्या दिवशी माझं डोकं ठणकायला लागायचं, सहाव्या दिवशी भांडी आपटायला लागायची, आणि दुसऱ्या रविवारपर्यंत घरातली माणसं माझ्यापेक्षा जास्त पश्चात्तापाने भरून जायची.

या वर्षी उपवासकाळाच्या आदल्या दिवशी आमच्या ह्यांनी हात जोडले. "हे बघ, तुझ्या चहावाचून प्रभूचं काही अडलेलं नाही. आमचं अडतं. खरंच काही द्यायचं असेल तर चाळीस दिवस तोंडाला कुलूप लाव."

आता माझ्या तोंडाविषयी. आमच्या घरात लग्न असो, नामकरण असो, की कुणाच्या मयतीनंतरची प्रार्थना, जेवणं झाली की मला मधे बसवतात आणि कुणीतरी म्हणतं, "ती त्यांची गोष्ट सांग ना." मी सांगते. मुलं लोळतात, बायका पदराने डोळे पुसतात. माझ्या गोष्टींचं एकच पथ्य आहे. ज्याची गोष्ट, तो माणूस खोलीत असता कामा नये. तो असला की गोष्ट फसलीच. 'असं नव्हतं झालं' म्हणून मधेमधे बोलतो. सत्यामुळे चांगल्या गोष्टींचं जेवढं नुकसान झालंय तेवढं खोट्याने कधी झालेलं नाही.

उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी कर्जतच्या चर्चमध्ये उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाला आपला निश्चय मंडळीपुढे सांगायचाय का. माझ्यात काय संचारलं कोण जाणे. पवित्र आत्मा असेल, किंवा ह्यांनी कोपराने दिलेली ढुसणी असेल. मी उभी राहिले आणि म्हणाले, "चाळीस दिवस मी खोलीत नसलेल्या माणसाची गोष्ट सांगणार नाही."

मग आमेन झालं. इतकं मनापासून आमेन आमच्या मंडळीने नाताळलाही कधी म्हटलेलं नाही. सगळ्यात मोठा आवाज माझ्या मोठ्या दिरांचा होता.

या भाऊजींची ओळख करून द्यायला हवी. आमची घरं मूळची नगरकडची. भाऊजी खोपोलीच्या बाजूला एका कारखान्यात फिटर म्हणून लागले, त्यांच्या पाठोपाठ आमचे हे इकडे आले. निवृत्त झाल्यावर भाऊजींनी लोधिवलीला घर बांधलं. मंडळीतले सगळ्यात जुने वडील तेच. आमच्यात वडील हे पद असतं, आणि भाऊजी ते पद घरीसुद्धा उतरवून ठेवत नाहीत. माझं लग्न झाल्यापासून मी तोंडातून बायबलचं एखादं वचन काढलं की ते पंक्तीतून, अंगणातून, न्हाणीघरातून ओरडणार, "धाकटे, ते पौलाने नाही लिहिलेलं, याकोबाने लिहिलंय!" घरात मी धाकटी सून, म्हणून धाकटी. माझे केस पांढरे झाले तरी धाकटीच.

आणि गुड फ्रायडे भाऊजींचा. त्या दिवशी दुपारी बारा ते तीन आमची उपासना चालते आणि तीत प्रभूला अटक झाल्यापासून कबरेत ठेवेपर्यंतचा सगळा वृत्तान्त मोठ्याने वाचतात. योहानाच्या शुभवर्तमानातले दोन लांबलचक अध्याय. किती वर्षं झाली, ते भाऊजीच वाचतात, उभ्याने, पाणीसुद्धा न पिता. वाचतात चांगलं, हे मला कबूल करावंच लागतं. पिलाताचा आवाज वेगळा, गर्दीचा वेगळा. पेत्र प्रभूला तिसऱ्यांदा नाकारतो तेव्हा आमचे हेसुद्धा जागे असतात.

तर निश्चय करून चार दिवस झाले होते. पहिला रविवार. आम्ही दुपारी जेवायला लोधिवलीला गेलो. जेवण झाल्यावर भाऊजींच्या घरी शास्त्रवाचन, म्हणजे बायबलचं वाचन, असतं. त्यातून सुटका नाही. जाऊबाई आत भांडी आवरत होत्या. आमचे हे खुर्चीत बसून डोळे मिटून मनन करत होते. त्या मननाला बारीक घोरण्याचा आवाज होता. भाऊजींसमोर पाटावर मी एकटी.

त्यांनी मांडीवरचं मोठं शास्त्र उचलून डोळ्यांसमोर उघडलं आणि अरण्यातल्या परीक्षेचा उतारा वाचायला सुरुवात केली. सैतान म्हणतो, या धोंड्यांच्या भाकरी कर. प्रभू म्हणतो, असा शास्त्रलेख आहे की माणूस नुसत्या भाकरीवर जगत नाही. खणखणीत आवाज, ओळीवरून सरकणारं बोट. मी भक्तिभावाने समोर पाहिलं. म्हणजे भाऊजींकडे नाही, शास्त्राच्या काळ्या पुठ्ठ्याकडे. त्यावरच्या सोनेरी 'पवित्र शास्त्र'मधली वेलांटी खाली लोंबत होती.

शास्त्र उलटं धरलेलं होतं.

भाऊजींनी अंगठा जिभेला लावून पान उलटलं, तेही उलट्या दिशेने, आणि एक शब्दही न चुकता दुसऱ्या परीक्षेकडे गेले. मग सगळं एकेक करून जुळत गेलं. मघाशी त्यांनी आमटी भाताशेजारी, ताटाच्या कडेवर वाढून घेतली होती. दारात मला "ये रे" म्हणाले होते. त्यांना दिसत नव्हतं. अगदी अंधार नसेल, पण अक्षर दिसण्याइतकं तर नक्कीच नाही.

इथे एखाद्या सालस ख्रिस्ती बाईचा जीव गलबलला असता. माझ्या मनात जो पहिला शब्द उमटला तो होता, 'मिळाली!' इतकी वर्षं ज्या माणसाने माझी वचनं दुरुस्त केली, तो माझ्यासमोर शास्त्र उलटं धरून वाचत होता. भाऊजींच्या माझ्याकडे चार गोष्टी होत्या, चारही वापरून वापरून झिजलेल्या. ही पाचवी देवाने थेट स्वर्गातून पाठवलेली, तयार शेवटासकट. आणि पाठवली कधी? मी तोंडाला कुलूप लावून चार दिवस झाल्यावर.

घरी येऊन मी स्तोत्रसंहितेतली एक ओळ कागदावर लिहिली आणि चुंबकाने फ्रिजवर लावली. हे देवा, माझ्या तोंडावर पहारा ठेव, अशा अर्थाची. ह्यांनी ती वाचली आणि विचारलं, "पहारेकरी एकच ठेवलास?"

पुढचे पाच आठवडे मी जे सोसलं ते हुतात्म्यांच्या यादीत बसण्यासारखं आहे, पण आमच्या मंडळीत तशी यादी ठेवत नाहीत. बहिणीचा फोन यायचा. "काय गं, काही नवीन?" मी म्हणायचे, "नाही." ती म्हणायची, "बरी आहेस ना? बीपी तपासलंस?" मोह झाला की वचन म्हणायचं, हे मी लहानपणी रविवारच्या शाळेत शिकले होते, म्हणून मी भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना वचन पुटपुटत असायचे. संध्याकाळी गच्चीवर गेलं की माथेरानच्या डोंगरावर वणव्याची लाल रेघ दिसायची. याकोबाने लिहिलंय (याकोबानेच, आता मला पक्कं ठाऊक आहे) की जीभ म्हणजे एवढीशी ठिणगी, पण केवढं रान पेटवते. मी त्या रेघेकडे पाहायचे आणि जीभ दातांखाली धरायचे. खरं सांगायचं तर प्रभूला जे तीन परीक्षांत जमलं ते मला रोज तीनदा करावं लागत होतं, आणि जमतही होतं. त्याचा मला किंचित अभिमान वाटायला लागला. तिथेच घात झाला.

कारण अरण्यातल्या त्या गोष्टीत एक तपशील आहे आणि तो उपदेश ऐकताना आपण नेहमी विसरतो. सैतानालाही शास्त्र पाठ असतं. प्रभूला मंदिराच्या टोकावर नेऊन तो चक्क स्तोत्रातली ओळ म्हणून दाखवतो. माझ्याही सैतानाने डावपेच बदलले. तो माझ्या कानात वचनं म्हणायला लागला. एकमेकांची ओझी वाहा. एकमेकांसाठी प्रार्थना करा. अगं, म्हाताऱ्या माणसाचे डोळे चाललेत. मोतीबिंदू असेल, काचबिंदू असेल. तू गप्प बसलीस आणि काही झालं तर? गोष्ट सांगू नकोस तू, काळजी व्यक्त कर.

ईस्टरच्या आधीच्या रविवाराला आम्ही झावळ्यांचा रविवार म्हणतो. त्याच्या आदल्या दुपारी आमचं महिला मंडळ कर्जतला चर्चच्या ओसरीवर जमतं. कळंबहून टेंपोतून शिंदीच्या पात्यांचे भारे येतात आणि आम्ही त्यांचे छोटे क्रूस विणतो. ते दुसऱ्या दिवशी घरोघरी दाराच्या चौकटीवर लागतात. हात गुंतलेले आणि तोंडं मोकळी. वर्षातली सगळ्यात सुपीक दुपार. मी पाती दुमडत, मान खाली घालून, ओठ मिटून बसले होते. बायका माझ्याकडे उपोषणाला बसलेल्या माणसाकडे पाहावं तशा पाहत होत्या.

विणकाम संपलं तशा मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "चला, शेवटची प्रार्थना करू. कुणाच्या काही प्रार्थना-विनंत्या?"

प्रार्थना-विनंती हा आमच्या समाजाने लावलेला मोठा शोध आहे. इतर लोकांना दुसऱ्याची भानगड सांगावी लागते. आम्ही फक्त ओझं व्यक्त करतो. 'प्रभू, त्या बहिणीच्या घरात शांती नांदू दे' एवढं म्हटलं की त्या घरात अशांती आहे हे कळतं. 'त्या तरुण भावाला वाईट संगतीपासून सोडव' म्हटलं की संगत कोणती हे विचारायला चहाची वेळ असतेच. वर पाप लागत नाही, उलट पुण्य गाठीला.

मी डोळे मिटले. माझ्या तोंडून निघालं, "आपल्यातल्या एका वडीलधाऱ्या भावाच्या डोळ्यांसाठी प्रार्थना करूया. मी नाव घेत नाही. नाव घेणं माझ्या निश्चयात बसत नाही. पण प्रभू, ज्याला आता अक्षरही दिसत नाही आणि तरी जो लोधिवलीहून एवढ्या लांब येऊन गुड फ्रायडेला एवढा वेळ उभा राहतो, त्या तुझ्या सेवकाला..."

पुढचं मला बोलावं लागलं नाही. डोळे मिटलेले असूनही मला कळलं की ओसरीवरच्या सगळ्या पापण्या उघडल्या होत्या.

आमेननंतर अध्यक्षबाईंनी माझा हात हातात घेतला. "किती जपून बोललीस गं," त्या म्हणाल्या. "नाव काढलं नाहीस, नाही तर आजकाल कोण एवढं पाळतं!"

मी नम्रपणे मान हलवली. निश्चय शाबूत होता. गोष्टही पोचली होती. सैतानाला इतकं स्वच्छ काम फार थोड्या लोकांनी करून दिलं असेल.

दुसऱ्या दिवशी झावळ्यांचा रविवार. उपासनेच्या शेवटी पाळकसाहेबांनी सूचना वाचल्या आणि अखेरीला खाकरून म्हणाले, "या वर्षी गुड फ्रायडेचं वाचन तरुण संघातली मुलं वाटून घेतील. मोबाइलवरून वाचतील, सोपं जाईल. आपल्या ज्येष्ठ वडिलांना आता विश्रांतीची गरज आहे, आपण सगळे त्यांच्या डोळ्यांसाठी प्रार्थना करतोच आहोत."

भाऊजी पहिल्या बाकावर होते. ते उठले. काहीतरी म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण पाळकसाहेब उजवीकडे उभे होते आणि भाऊजी वळले डावीकडे, रिकाम्या भिंतीकडे. तसेच क्षणभर उभे राहिले आणि खाली बसले. कुणी हसलं नाही. हसलं असतं तर मला बरं वाटलं असतं. जाऊबाईंनी मागे वळून सगळ्या बायकांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

सोमवारी मी एसटीने चौकला उतरले आणि रिक्षा केली. लोधिवली म्हटल्यावर रिक्षावाल्याने विचारलं, "कोनाकडं, ताय?" मी घर सांगितलं.

"त्या बाबांकडं व्हय? तुमी कोन त्यांच्या?"

"धाकटी भावजय."

"मंग घरच्याच. म्हनून बोलतो हां. बाबांना दिसत नाय आता. गेल्या महिन्यात माज्या रिक्षात बसाया आले नि बाजूच्या भाजीच्या टेंपोत चढाया लागले. मी हात धरून आनला."

"मग? तुम्ही सांगितलंत कुणाला?"

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "कोनाला कशाला सांगू? म्हाताऱ्या मानसाची काय लाज हाय का नाय?"

त्याने ना उपवासकाळ धरला होता, ना फ्रिजवर काही चिकटवलं होतं.

दार जाऊबाईंनी उघडलं. "या," त्या म्हणाल्या. "आज कुणासाठी प्रार्थना?"

मी चपला काढल्या.

भाऊजी मागच्या पडवीत बसून जुन्या हायवेवरून जाणाऱ्या गाड्या ऐकत होते. मी समोर बसले. गोष्ट सांगायची सवय असलेल्या माणसाला ज्याची गोष्ट त्याच्याच तोंडावर बोलणं किती जड जातं, ते मला त्या दिवशी कळलं. शास्त्रात वाट दाखवलेली आहे: भावाचं काही खटकलं तर आधी जा आणि त्याला एकट्याला गाठून सांग. ते वचन मला पाठ होतं. उपयोगात आणायचं कधी सुचलं नव्हतं.

"भाऊजी, ते मी केलं."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "पाच बायकांनी फोन करून सांगितलं, आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करतोय. प्रत्येकीने वर सांगितलं, धाकटीने नाव नाही हो घेतलं." मग म्हणाले, "तुला कधी कळलं?"

"पहिल्या रविवारी. शास्त्र उलटं होतं."

"उलटं?" त्यांना खरंच धक्का बसला. "म्हणजे तू पाच आठवडे गप्प होतीस? तू?"

"हो."

"प्रभूने मेलेल्या लाजरसाला उठवलं, त्याच्या खालोखालचा चमत्कार झाला म्हणायचा."

मी हसले नाही, कारण ते हसत नव्हते. मी म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही दाखवतच नसाल डॉक्टरांना. डोळे जातील. म्हणून काळजीने..."

"काळजीने," ते म्हणाले. "डॉक्टरांना जानेवारीतच दाखवलंय. दोन्हीकडे मोतीबिंदू पिकलाय. ऑपरेशन ईस्टरनंतरच्या मंगळवारी ठरलंय. डॉक्टर म्हणत होते आधीच करू. मीच पुढे ढकललं. डोळ्याला पट्टी असती तर गुड फ्रायडे कुणीतरी दुसऱ्याला दिला असता, आणि एकदा दिला की परत येत नाही." हायवेवरून एक जड गाडी गेली, ती जाईपर्यंत ते थांबले. "एक आठवडा गं. आणखी एकच आठवडा गप्प बसली असतीस तर."

जाऊबाई पाणी घेऊन आल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या.

"आईला अक्षर येत नव्हतं," भाऊजी म्हणाले. "तिला हे दोन्ही अध्याय तोंडपाठ होते, नुसते ऐकून. मी तिच्याकडून शिकलो, मग अक्षरं शिकलो. मला वाचायला डोळे कधी लागलेच नाहीत. शास्त्र धरायचं ते लोकांसाठी. वर्षानुवर्षं कारखान्यात मला कुणी 'ए फिटर' सोडून हाक मारली नाही, आता घरी बसलोय तर तेवढंही नाही. त्या एका दुपारी माणसं माझं ऐकतात. तुझ्यासारखी माणसंसुद्धा."

चाळीस दिवसांत मी काय सोडलं होतं आणि कुणाचं काय काढून घेतलं होतं, हे पाण्याचा तांब्या समोर येईपर्यंत मला समजलं होतं.

तिथून मी थेट कर्जत गाठलं. पाळकसाहेब घराच्या पायरीवर वर्तमानपत्र वाचत होते. मी सगळं सांगितलं, प्रार्थनेच्या नावाखाली काय केलं ते, अध्यक्षबाईंच्या शाबासकीसकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमचा पश्चात्ताप खरा आहे, ताई. पण त्यांना दिसत नाही, हेही खरंच ना?"

"त्यांना पाठ आहे."

"पाठ म्हणणं वेगळं, वाचन वेगळं. मधेच अडकले तर? भर उपासनेत?"

"मी शेजारी बसते शास्त्र उघडून. ओळीवर बोट ठेवून. अडकले तर शब्द सांगते."

पाळकसाहेबांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "तुम्ही? एवढा वेळ? एरवी एक शब्द न बोलता?"

"पाहिजे तर मंडळीला माझ्यासाठी प्रार्थना करायला सांगा," मी म्हणाले. "नाव घेतलंत तरी चालेल."

ते मोठ्याने हसले. माझी विनंती मान्य झाली ती दयेमुळे नाही, कुतूहलामुळे, असं मला अजूनही वाटतं.

गुड फ्रायडेला उन्हाने पत्रे तडतडत होते आणि वीज नेमकी बाराला गेली. चर्च भरलं होतं. भाऊजी हातात काही न घेता उभे राहिले आणि म्हणाले, "मला दिसत नाही, हे तुम्हा सगळ्यांना माझ्याआधी कळलं आहे. मी आठवेल तसं म्हणतो. चुकलो तर ही धाकटी सांगेल. इतकी वर्षं मी हिच्या चुका काढल्या, आज हिची पाळी." बाकांवर हलकी खसखस पिकली. मी बोट पहिल्या ओळीवर ठेवलं.

ते म्हणत गेले. बाग, मशाली, कोंबड्याचं आरवणं, पिलाताचं अंगण. माझं बोट त्यांच्या आवाजामागून चालत होतं आणि ते एकाही शब्दाला चुकले नाहीत. जो बिचारा चुकेल म्हणून मी तिथे बसले होते तो चुकतच नव्हता, आणि मनाच्या एका कोपऱ्यात (हे मी देवासमोर लिहिते आहे) मला त्याची थोडी हळहळ वाटत होती.

मग वधस्तंभ. प्रभूची आई वधस्तंभापाशी उभी आहे, इथपर्यंत ते आले आणि थांबले.

माझं बोट पुढच्या शब्दावर होतं. प्रभू आपल्या आईला पाहतो. एक क्षण गेला, दोन गेले. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. तरुण संघाच्या बाकावर मोबाइल उजळले. ह्यांनी पुरुषांच्या बाजूने मला डोळ्यांनी खूण केली, बोल. शब्द माझ्या जिभेच्या टोकावर आला होता. मला अधिकार होता, नव्हे, मला नेमलंच होतं त्यासाठी. आयुष्यात पहिल्यांदा सगळं चर्च माझ्या बोलण्याची वाट पाहत होतं.

पण मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ओठ मिटलेले होते, हनुवटी थरथरत होती. हा माणूस विसरलेला नाही, मला वाटलं. हा आपल्या आईपाशी उभा आहे. मी आत्ता शब्द सांगितला तर ही सगळी माणसं घरी जाऊन म्हणतील, म्हातारा अडकला. पुन्हा एकदा माझ्याच तोंडून.

फ्रिजवरची ओळ मी मनात म्हटली आणि जीभ दातांखाली इतकी दाबली की रक्ताची चव आली.

किती वेळ गेला, माहीत नाही. मग भाऊजींनी श्वास घेतला आणि 'आई' हा शब्द उच्चारला, मग पुढचा, त्याच्या पुढचा, कबरेच्या दगडापर्यंत.

ऑपरेशन ठरल्या मंगळवारी एका डोळ्याचं झालं, महिन्याभराने दुसऱ्याचं. काळा चष्मा काढल्यावर त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "धाकटे, तू एवढी म्हातारी कधी झालीस?" म्हणजे ऑपरेशन यशस्वी.

चाळीस दिवस कधीच संपले, पण तो नियम मी थोडा बदलून ठेवून घेतला आहे. गोष्ट सांगायची, पण ज्याची आहे त्याला खोलीत बसवून. त्यामुळे माझ्या गोष्टींचा दर्जा फार घसरला आहे. ही गोष्टसुद्धा लोधिवलीच्या पडवीत भाऊजींना वाचून दाखवली. ते डोळे मिटून ऐकत होते. आमटीपाशी म्हणाले, "असं नव्हतं झालं, आमटी ताटातच होती." रिक्षापाशी काही बोलले नाहीत. गुड फ्रायडेच्या त्या थांबण्यापाशी आले तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"हे खोटं आहे," ते म्हणाले.

"काय खोटं आहे?"

"मी विसरलो होतो. साफ विसरलो होतो. तू सांगशील म्हणून वाट बघत होतो आणि तू बसलीस दगडासारखी."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नव्या डोळ्यांनी ते माझ्याकडे सरळ पाहत होते आणि त्यांत खरं की थट्टा, काही सापडत नव्हतं. आतून जाऊबाईंच्या हसण्याचा आवाज आला.

"मग ते खोडू का?" मी विचारलं.

"राहू दे," भाऊजी म्हणाले. "आणि ते जिभेचं, ठिणगीचं, ते याकोबानेच लिहिलंय. एवढं एक बरोबर आहे."